दुखवट्यातली लस

मयताच्या घरी गेलं की लोक म्हणतात, ‘फार वाईट झालं.’ आमचे शेजारी अप्पा म्हणतात, “निमोनियाची लस घेतली व्हती का?”

आमच्या पालममध्ये अप्पांना दुखवट्याला कुणी बोलावत नाही. पण दुखवट्याला कुणालाच बोलवायचं नसतं, तिथंच पंचाईत होते. अप्पा टोपी सारखी करत येतात, सतरंजीवर बसतात आणि रडणं जरा ओसरलं की सुरू होतात. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म गेला, त्यामुळे आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचतो. “ज्याला शुगर हाय, दमा हाय, ज्याचं वय झालंय, त्यानं डॉक्टरला इचारून टोचून घ्यावं. लस काय निस्ती लेकराची न्हाई.”

एकदा मी वैतागून म्हणालो, “अप्पा, सुतकात तरी गप बसा.”

“लग्नात इचारलं तर समदे ठणठणीत असत्यात,” अप्पा म्हणाले. “दुखवट्यातच मानूस आपलं दुखनं खरं सांगतो.”

लोक टिंगल करत, आणि त्यातलेच दोन-चार म्हातारे गुपचूप दवाखान्यात जाऊन टोचूनही येत. अप्पांचं नाव मात्र कुणी घेत नसे. इथं सल्ला चांगला असला तरी देणाऱ्याला नावं ठेवल्याशिवाय तो गळ्याखाली उतरत नाही.

अप्पांचे थोरले भाऊ मारोतराव मागच्याच गल्लीत राहायचे. जुना दमा, वर शुगर. बांधावरच्या एका बाभळीवरून दोघांत अबोला. बाभूळ कधीच तोडून चुलीत गेली, अबोला तेवढा हिरवागार राहिला. एकमेकांच्या लग्नकार्याला दोघांनी पाऊल ठेवलं नाही. पण दुखवट्याला वैर आडवं येऊ द्यायचं नसतं, म्हणून भावकीत कुणी गेलं की दोघं एकाच सतरंजीच्या दोन टोकांना बसत. अप्पा भिंतीकडे बघून लशीचं सांगत. मारोतराव दाराकडे बघून खोकत.

या हिवाळ्यात मारोतराव न्यूमोनियानं गेले. लस घेतली असती तर वाचलेच असते, असं डॉक्टरही छातीठोक सांगणार नाही.

तिसऱ्या दिवशी अप्पा भावाच्या घरात आले. आता हा विचारतो की काय, म्हणून सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

शेवटी वहिनीच बोलल्या. “भावजी, तुमी भिंतीकडं बघून कुनासाठी सांगत व्हता, हे त्येंला कळत व्हतं. म्या लय म्हनलं, टोचून घ्या. तर म्हनायचे, त्यानं एकदा ‘दादा’ म्हनून सांगावं, त्याच दिवशी जातो.”

शेवटच्या सीटपर्यंत जाणारा आवाज त्या दिवशी ओठांबाहेर आला नाही. मला दोघांचाही राग आला, अजून येतो.

परवा एका दुखवट्यात अप्पांनी कुणाला काही विचारलं नाही. कोपऱ्यात एक म्हातारा खोकत होता. वयानं अप्पांपेक्षा लहानच असावा. अप्पा उठून त्याच्याशेजारी जाऊन बसले, त्याचा हात धरला आणि हळूच म्हणाले, “दादा, उद्या माझ्यासंगं दवाखान्यात चला.”