ठमीची निर्दोष सुटका

"आजच्या आज हिचा निकाल लावा, डॉक्टर," म्हणत काकांनी टोपली टेबलावर आदळली. "नायटा आहे की नाही, एवढंच सांगा. असला तर ही परत घरी येणार नाही. ठरलंय माझं."

टोपलीतून ठमी नावाच्या करड्या मांजरीने डोके वर काढले. तिच्या डाव्या कुशीवरचे केस पार गेले होते. मागे उभ्या असलेल्या काकूंचे डोळे रडून सुजले होते.

"महिनाभर डोकं खाजतंय माझं," काकांनी कानांवर ओढलेल्या लोकरीच्या टोपीवर बोटे घासली. "हिच्यामुळेच! उशीचे अभ्रेसुद्धा पिवळे करून ठेवलेत."

"दुपारी उशाशी घेऊन निजता तेव्हा बरी गोड लागते!" काकू म्हणाल्या. "आणि डोकं खाजतंय तर टोपी काढून दाखवा की डॉक्टरांना."

"मी मांजर आहे का?"

तरुण पशुवैद्य मुळातच अबोल. माणसांपुढे त्याचे शब्द घशातच मावळत. त्याने ठमीचे चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. टोके तुटलेली होती. म्हणजे केस गळले नव्हते. तिनेच चाटून चाटून तोडले होते. पण का?

"अंधार... अंधार करावा लागेल," तो पुटपुटला. "या जांभळ्या दिव्याखाली नायट्याचे केस बहुधा हिरवे चमकतात."

खोली काळोखली. असा काळोख त्याला फार जवळचा वाटे; तिथे त्याच्या चेहऱ्याकडे कोणी पाहत नसे. त्याने दिवा कुशीवर धरला. हिरवे काहीच दिसेना, मात्र कातडीवर निळसर पांढरा लेप लख्ख उजळला.

"अगंबाई!" काकू कळवळल्या.

"बघितलंत? रोग!" काका ओरडले.

त्या आरोळीने ठमी बिथरली, टेबलावरून उडाली आणि अंधारात जे तिला सर्वांत ओळखीचे वाटले, त्यावर जाऊन बसली.

"अहो, काढा हिला! माझी टोपी!"

वैद्याने आवाजाच्या रोखाने दिवा फिरवला आणि खोलीत पौर्णिमा झाली. टोपी खाली पडली होती; काकांचे उघडे टक्कल कानापासून कानापर्यंत त्याच निळसर पांढऱ्या तेजाने झळाळत होते, आणि त्या चंद्रावर ठमी चारही पाय रोवून उभी होती.

"काका," वैद्याचा आवाज आयुष्यात प्रथमच खणखणीत निघाला, "डोक्याला काय लावता?"

"कुठं काय..."

"अहो!" काकू म्हणाल्या.

"केस उगवायचं मलम," काळोखातून कबुली आली. "दुपारी. तुझा डोळा लागला की."

"आणि मग ठमी तुमच्या डोक्याला कूस लावून निजते. मलम तिला लागतं, आग होते, म्हणून चाटते. तुमची खाजही त्याचीच असणार. खात्रीसाठी हिचे केस तपासायला पाठवतो; पण हे दुखणं हिनं तुम्हाला दिलेलं नाही, काका. तुम्ही हिला दिलंय."

दिवे लागले. काकूंनी ठमीला छातीशी धरले.

"आता घराबाहेर कोणी निजायचं, ते मी ठरवते," त्या म्हणाल्या.

तपासणीत नायटा निघाला नाही. महिना दीड महिन्याने काका एकटेच ठमीला घेऊन आले. टोपी नव्हती. ठमी टोपलीत राणीसारखी ऐसपैस पसरली होती आणि तिच्या कुशीवर मखमली करडी लव दाटून आली होती. काकांनी त्या लवेवरून हलकेच हात फिरवला, दाराकडे एकवार पाहिले आणि वाकून विचारले,

"डॉक्टर, हिला कुठलं औषध दिलं होतंत? माणसांना चालतं का हो?"

"काहीच दिलं नव्हतं, काका. फक्त मलम बंद केलं."

काकांचा हात नकळत आपल्या डोक्यावर गेला.

"मीही बंदच केलंय की," ते खिन्नपणे म्हणाले.