गभणेकाकांचा अंदाज

भंडाऱ्यात खोली बघायला गेलो तेव्हा गभणेकाकांनी माझं आडनाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघत एकच प्रश्न केला, "कपडे कोणत्या दिवशी धुता?"

"रविवारी."

काकांनी मान वर करून आभाळ न्याहाळलं. "या रविवारी धुवू नोका. सोमवारी धुवा. खोली तुमची."

काका सरकारी कचेरीतून बाबू म्हणून निवृत्त झालेले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात ते, एक रेडिओ आणि गच्चीवरची खुर्ची.

दर रविवारी सकाळी ते ओट्यावर बसून येत्या आठवड्याचं हवामान सांगत. आधी पेपरातला अंदाज मोठ्याने वाचायचा, मग तो दुरुस्त करायचा. "हे झालं जिल्ह्याचं," पेपराची घडी घालत ते म्हणत, "आता गल्लीचं आयका." आणि गल्ली खरंच ऐकायची. समोरच्या कुंदाबाई तर हातातला झाडू तसाच धरून उभ्या राहत, कारण त्यांच्या पापड-कुरोड्यांचं सगळं वेळापत्रक काकांच्या शब्दावर चालायचं. एकदा मी भीत भीत गोंदियाचं हवामान विचारलं, तर म्हणाले, "तो जिल्हा वेगळा झाला. आपला अधिकार नाही."

ढगांनाही त्यांनी कचेरीत भरती करून घेतलं होतं. उंचावरचे पिंजलेल्या कापसासारखे तंतुमेघ म्हणजे साहेब. "वरतं बसतेत, दिसाले गोरेपान, कामाले शून्य." दुपारी फुगणारे राशीमेघ म्हणजे हेडक्लार्क, संध्याकाळ झाली की घरी. सगळं आभाळ अडवून दिवसभर टिपटिप करणारे स्तरमेघ म्हणजे बाबू लोक, आणि हे ते स्वतः बाबू असून सांगत. काळा, गडगडणारा वादळी ढग मात्र ऑडिटवाला. "तो आला का सारे पळते."

अंदाज चुकायचे. कोणी तक्रार केली की काका म्हणत, "अंदाज हाये बाप्पा, आदेश नाही." पण न दिसलेला ढग त्यांनी कधी सांगितला नाही. एका लग्नात मांडववाल्याने "कोरडं राहीन म्हणा ना, काकाजी" म्हणून किती गळ घातली, काका ढिम्म हलले नाहीत. शब्दाला असा जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

भर मे महिन्यात माझी बदली गोंदियाला झाली. रुजू व्हायला अवकाश होता, पण मी सामानासाठी तिकडची मेटाडोर बुधवारसाठी ठरवून टाकली आणि शनिवारी काकांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि गच्चीवर निघून गेले. मला थोडं वाईटच वाटलं. निदान "काहून?" तरी विचारायचं.

रविवारी त्यांनी पेपर वाचलाच नाही. "बुधवारपासून पाणी," ते एकदम म्हणाले. "वादळ. गारा पण. आठवडाभर."

गल्लीत हाहाकार झाला. कुंदाबाईंनी कुरोड्यांचे गहू भिजवायचं रद्द केलं. काका माझ्याकडे वळले. "तुह्या गाद्या भिजतीन, बाबू. गाडी पुढं ढकल." मी पुढल्या बुधवारवर ढकलली.

बुधवारी आभाळ निळंशार. गुरुवारी त्याहून निळं. रणरणत्या उन्हात गल्लीतली एकूण एक गच्ची रिकामी पडलेली. काका मात्र भलते खुशीत. सकाळी मला चहा, दुपारी टरबूज, संध्याकाळी गच्चीवर दोघांनी बसून पावसाची वाट बघायची. मी विचारलं की म्हणत, "येते ना. काहून घाई करून राहिला?"

शुक्रवारी कुंदाबाई कमरेवर हात ठेवून ओट्यासमोर उभ्या राहिल्या. "काकाजी, सारी गल्ली तुमाले हासून राहिली. खरं सांगा, ढग पाह्यला होता का नाही?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "ढग नोता, बाई. हा बुधवारी चालला होता. मले दुसरं काही सुचलं नाही."

राहा म्हणायची त्यांना लाज वाटली होती, आणि त्यापायी त्यांनी सगळ्या गल्लीत स्वतःचं हसं करून घेतलं होतं. मलाही जायचं नव्हतं, हे मला त्या ओट्यावर कळलं.

कुंदाबाईंनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. कमरेवरचे हात खाली आले.

"मंग पुढल्या आठवड्यातबी पाणीच सांगा ना," त्या म्हणाल्या. "माह्ये गहू डब्यातच हायेत."

ओट्याची फरशी इतकी तापली होती की पाय टेकवत नव्हता. मी गोंदियाच्या मेटाडोरवाल्याला फोन लावला.

"भाऊ, या बुधवारीबी नोका येऊ," मी म्हणालो. "इकडं पाणी लय जोरात चालू हाये."