पोटदुखीचा भाव

"मावशी, दहापैकी किती दुखतं?" डॉक्टर ऋचानं विचारलं.

"नऊ," सोनाबाई ठणकावून म्हणाली आणि ऋचा किती मागते याची वाट बघू लागली.

ऋचानं मागितलं काहीच नाही, मुकाट नऊ लिहिलं. पनवेलच्या मासळी बाजारात तीस वर्षं बसलेली सोनाबाई चरकलीच. पहिला भाव कुणी असा मान्य करतं का?

पंधरा वर्षं तिच्या पोटदुखीला कुणी विचारत नव्हतं. सून म्हणे गॅस, नवरा म्हणे नाटक. मग या संशोधन केंद्रातल्या ऋचानं सांगितलं, की आतड्याला स्वतःच्या मज्जातंतूंचं जाळं असतं, पुष्कळसा कारभार ते मेंदूला न विचारताच करतं, आणि तपासणीत काही दिसलं नाही तरी दुखणं खरं असू शकतं. या अभ्यासात नाव लागल्यापासून सोनाबाई हवेतच होती. "माज्या पोटाला सोताची अक्कल हाय," असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला पापलेटाबरोबर ऐकवी.

पण आठाच्या वर आकडा गेला, की नियमाप्रमाणे माणूस अभ्यासातून बाहेर आणि थेट रुग्णालयात. ऋचानं फोन केला. व्हीलचेअर आली.

"थांब गो बाय," सोनाबाई घाबरून म्हणाली. "नऊ बोलायचा भाव हाय. तू चार मागायचं, मी पाचाला सोडायचं."

ऋचानं खुर्ची परत पाठवली आणि घाईघाईनं फाइल उघडली. बाजारातल्या बाकीच्या अकराही जणींनी आठ सांगितलं होतं. कोळणींचं पोट सगळ्यांत जास्त दुखतं, असं ती सोमवारी वरिष्ठांपुढे मांडणार होती.

"पुन्हा विचारावं लागणार," तिनं कपाळाला हात लावला. "पण खरं कसं कळायचं?"

"मी बसते ना."

दुसऱ्या दिवशी सोनाबाई केसांत अबोली माळून ऋचाशेजारी बसली. पहिली आली वेणू.

"आठ."

"तीन," सोनाबाई म्हणाली.

"वा गो. जेवले का तळमळते मी. सात."

"चार."

"पाच." वेणूचे डोळे भरले. "त्याच्या खाली नाय परवडत."

सोनाबाईनं तिचा हात धरला. "लिव बाय, पाच. खरा हाय."

संध्याकाळपर्यंत अकरा आकडे पक्के झाले. "आता तुमचा," ऋचा म्हणाली.

सोनाबाईनं पोट चाचपलं. दिवसभरात ते एकदाही दुखलं नव्हतं. पण शून्यवालीला अभ्यासात कोण ठेवणार?

"तीन," ती म्हणाली.

ऋचानं मानही वर केली नाही. "एक."

सोनाबाईचा ऊर अभिमानानं भरून आला. "बरं, दीड," ती म्हणाली, आणि डाक्टरीण आपण तयार केली, हे सांगायला तडक बाजारात गेली.