चौथ्या मजल्यावरचं कलम

दोन देशांमधल्या वाटाघाटींचा सहावा दिवस होता आणि शिष्टमंडळाच्या उपप्रमुख बाईंनी सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. उपास वगैरे काही नव्हता. चर्चा तळमजल्यावर आणि बायकांचं स्वच्छतागृह चौथ्या मजल्यावर, एवढीच गोष्ट. बाई जाऊन येईपर्यंत खाली एखादं कलम हमखास मंजूर होऊन बसायचं. तिसरं असंच गेलं, सातवंही गेलं. तक्रार केली, तर त्यांचेच प्रमुख साहेब म्हणाले, "हजर नसेल त्याची हरकत धरायची नाही, असं ठरलंय ना."

"कधी ठरलं?"

"काल. तुम्ही वर गेला होतात." आणि समजूत घालायला वर म्हणाले, "चार मजले चढायला काय होतं हो? तेवढाच व्यायाम."

आज अकरावं कलम होतं. सीमेवरच्या शांतता समितीत निम्म्या जागा बायकांना. बाईंनी त्यासाठी चार वर्षं चपला झिजवल्या होत्या. मसुदा तर समोरच्या देशाच्या वकीलबाईंबरोबर चौथ्या मजल्यावरच्या बेसिनपाशीच उभ्याउभ्या लिहिला होता. दोन्हीकडच्या साहेबलोकांना हे कलम नको होतं, पण तोंडावर नाही म्हणायचीही पंचाईत. म्हणून ते बाई उठायची वाट बघत चहावर चहा मागवत होते.

"घ्या की घोटभर," प्रमुख साहेब आग्रह करत होते.

"नको. तुम्ही घ्या माझ्या वाटचा."

साहेबांनी तोही घेतला. पाचवा कप संपतोय तोच पहारेकरी आत आला.

"साहेब, पाइप फुटलाय. खालची सगळी स्वच्छतागृहं बंद केलीत. चौथ्या मजल्यावरचं तेवढं चालू आहे."

सगळ्यांनी हातातले कप खाली ठेवले. मग समोरचे सेनापती उठले. "आलोच." त्यांच्यामागे दोघं गेले, मग तिघं. प्रमुख साहेब बराच वेळ गुडघा हलवत तग धरून होते. शेवटी तेही उठले आणि दारातून म्हणाले, "मी येईपर्यंत थांबा हं."

अध्यक्ष तिसऱ्याच देशाचे, वयस्कर. गुडघे दुखायचे म्हणून ते जागचे हलत नसत आणि चहा तर त्यांना डॉक्टरांनीच बंद केला होता. त्यांनी चष्मा लावला. "नियमात थांबणं बसत नाही. दोन्ही देश हजर आहेत का?"

"आहेत," बाई आणि समोरच्या वकीलबाई एकदम म्हणाल्या.

"मग कलम अकरा. कुणाची हरकत?"

अर्ध्या तासाने प्रमुख साहेब धापा टाकत परतले. "वर सफाईच्या मावशी सोडेनात हो. म्हणे, बायकांचं आहे, आधी फरशी वाळू दे. बरं, अकरावं कुठवर आलं?"

"ते झालं," अध्यक्ष कागदावरून नजर न काढता म्हणाले. "आता तिसरं आणि सातवं पुन्हा बघतोय."

साहेबांनी खुर्ची गाठली.

"बसा, साहेब. तेवढाच व्यायाम झाला," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पाण्याचा जग पुढे ओढला, पेला काठोकाठ भरला आणि सावकाश, पोटभर प्यायल्या.