एकविसावी संकष्टी आणि कोपऱ्यातली बाई

"आजपासून या घरात कुणीही, काहीही विसरणार नाही!" असं तनुजानं जाहीर केलं, तेव्हा तिच्या एका हातात लॅपटॉप होता, दुसऱ्या हातात लेकीची बाटली होती आणि गॅसवर ठेवलेलं दूध ती साफ विसरली होती.

पण ते सोडा. निर्धार महत्त्वाचा!

तिनं लॅपटॉपवर एक छोटंसं ॲप घेतलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी खिडकी. त्यात वर दिवसाचे कार्यक्रम, खाली कामांची यादी. वेळ झाली की टिंग वाजायचं आणि एका बाईच्या आवाजात काम मोठ्यानं सांगितलं जायचं. दोन दिवसांत पुंडलिकनगरातलं ते अख्खं घर तिला 'कोपऱ्यातली बाई' म्हणू लागलं. तनुजानं स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरचं कॅलेंडर उतरवलं आणि तिथं लेकीचं, स्वरालीचं लाळेरं टांगलं.

सासूबाई, म्हणजे यमुनाबाई, चष्म्यावरून बघत होत्या. "मग तिथी कोण सांगणार?"

"ही सांगेल ना, आई!"

"बरं," म्हणून त्या मटार सोलू लागल्या.

आता यमुनाबाईंच्या संकष्टीचं सांगायला हवं. स्वराली आठव्या महिन्यातच जन्मली. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती, ओंजळीत मावेल एवढी. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून आजीनं गणपतीला एकवीस संकष्ट्या बोलल्या. चंद्र दिसेपर्यंत चहा-पाण्याखेरीज काही नाही. वीस झाल्या होत्या. शेवटची राहिली होती, तिचं उद्यापन व्हायचं होतं. आणि ती चुकली, तर पुन्हा पहिल्यापासून!

"आई, तुम्ही फक्त उपास करा. लक्षात ठेवायचं काम माझं!" तनुजा म्हणाली. गेल्या महिन्यात संकष्टी दहा तारखेला होती. तिनं दहा तारीख टाकली, 'दर महिन्याला' या चौकोनात खूण केली आणि हात झटकले.

नऊ तारीख उजाडली. शनिवार होता. सकाळीच बाई बोलली, "टिंग! उद्या संकष्टी. मोदकपात्र आणा."

तनुजा चहाचा घोटही न घेता शेजारच्या दगडाबाईंकडं धावली. दगडाबाई पायरीवर बसून रताळी धूत होत्या.

"मावशी, तुमचं मोठं मोदकपात्र द्या ना. उद्या आईंचं उद्यापन आहे."

"उद्या? आगं, चतुर्थी आज हाय की!"

"आज?"

"मंग! ही रताळी काय नवऱ्याच्या हौसंनं धुतीया व्हय? उपास हाय माझा. जा, आत भिंतीवर बघ."

तनुजानं आत जाऊन बघितलं. नऊ तारीख. संकष्ट चतुर्थी. चंद्रोदय नऊ सत्तावीस. चंद्र काही तारखा बघून उगवत नाही, हे तिला सातवीच्या भूगोलात शिकवलं होतं. त्या दिवशी ती बहुतेक गैरहजर असावी!

"मावशी, आईंनी काही खाल्लं तर..." एवढंच म्हणून ती मोदकपात्र डोक्यावर घेऊन सुटली.

घरात शिरली तर काय! यमुनाबाई पोह्यांच्या बशीवर फुंकर घालत स्वयंपाकघरातून येत होत्या! तनुजानं घारीसारखी झडप घातली.

"आई! यात मीठ जास्त झालंय!"

"तू चाखलंस कधी?"

"वासावरून कळतंय!"

बशी घेऊन ती थेट आतल्या खोलीत गेली. "चिन्मय, खा."

"आत्ताच तर खाल्ले मी."

"पुन्हा खा!" मग दार लोटून तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं.

"सांगून टाक ना आईला," चिन्मय पोहे चावत म्हणाला.

"मुळीच नाही! आपल्या पोरीसाठी वीस महिने केलं त्यांनी. आणि माझ्या एका खुणेपायी त्यात खोट? आज आईंच्या तोंडात कण जाणार नाही. आणि का जात नाही, हेही त्यांना कळणार नाही!"

"म्हणजे तू माझ्या आईला गुपचूप उपाशी ठेवणार?"

"हो!"

"लोक सुनांबद्दल उगाच नाही बोलत."

"बशी संपव आधी!"

"आणि रात्रीची पूजा?"

"रात्रीचं रात्री बघू!"

मग तनुजा पदर खोचल्यासारखी ओढणी खोचून लॅपटॉपपुढं बसली. सासूबाईंना जेवणाची आठवणच होऊ द्यायची नाही, असा बेत. दर पंधरा मिनिटांना एक काम!

"टिंग! यमुनाबाई, नारळ खवा."

"हो गं बाई, खवते."

"टिंग! यमुनाबाई, वाती वळा."

"वळते, वळते. किती घाई हिची!"

"टिंग! यमुनाबाई, देवाची उपकरणी घासा."

स्वरालीला हे फार आवडलं. तीही आजीच्या मागं "तिंग! तिंग!" करत फिरू लागली.

मधल्या वेळात तनुजानं फोन लावले. बद्रीनाथ गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, उद्याचं जरा आज करता येईल का?"

"आजच येतोय की मी. साडेसातला पोचतो."

मग वेरूळच्या नणंदेला, रेणुकाताईला. "ताई, ऐनवेळी सांगतेय, पण आज याल का?"

"वहिनी, आम्ही निघालोच आहोत!"

किती समजूतदार माणसं! तनुजाचा ऊर भरून आला.

तेवढ्यात स्वयंपाकघरात ताट वाजलं. यमुनाबाई वरणभातावर तुपाची धार सोडत होत्या! तनुजानं स्वरालीला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ताट पळवलं. ते चिन्मयला गेलं. चार वाजता वाटीभर शिरा निघाला. तोही चिन्मयलाच गेला.

"तनू, दया कर," चिन्मय पलंगावर आडवा होऊन म्हणाला. "पँटचं बटण सैल केलंय मी. आता सैल करायला काही उरलं नाही."

"आपल्या पोरीसाठी खा!"

संध्याकाळी गुरुजी आले, रेणुकाताई आली. यमुनाबाई न सांगताच जांभळं रेशमी नेसून पाटावर बसल्या. पूजा आजच का, यासाठी तनुजानं पाठ केलेली थाप वायाच गेली. आरती झाली. नऊ सत्तावीसला सगळे गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागून चंद्र वर आला. यमुनाबाईंनी त्याला अर्घ्य दिलं, नातीच्या कपाळाला ओठ लावले आणि डोळे पुसले.

ते बघून तनुजाला राहवेना. "आई, माझं चुकलं हो! मी उद्याची तारीख टाकली होती. म्हणून आज तुमच्या हातातलं सगळं हिसकावलं..."

रेणुकाताई फिस्सकन हसली.

"अगं, चाळीस वर्षं संकष्टी करतेय मी," यमुनाबाई म्हणाल्या. "मला कॅलेंडर लागतंय होय? गुरुजींना, रेणूला आठ दिवसांपूर्वीच फोन केलेत."

"मग ते पोहे?"

"तुझे! सकाळपासून तुझ्या पोटात काही नाही, म्हणून निववून आणत होते. वरणभात तुझा. शिराही तुझाच. तिन्ही वेळा नेऊन नवऱ्याला दिलास! चौथ्यांदा आणलं असतं, तर चिन्मयला दवाखान्यात न्यावं लागलं असतं."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"इतक्या हौसेनं सगळं भरत होतीस त्या खिडकीत. म्हटलं, कशाला हिरमोड करायचा?" त्यांनी सुनेच्या गालावरून हात फिरवला. "आणि वाती मी खरंच विसरले होते हो. त्यांची आठवण तुझ्या त्या बाईनंच करून दिली."

आत्ता कुठं तनुजाच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागलीये. अशी भूक, की तिनं नैवेद्याच्या ताटातला अख्खा मोदक एका घासात तोंडात कोंबला.

"थांबा, थांबा," रेणुकाताई म्हणाली. "म्हणजे वहिनी, तुम्ही आज दिवसभर काहीच खाल्लं नाही? चंद्र बघूनच सोडलात?"

तनुजानं भरल्या तोंडानं मान हलवली.

रेणुकाताईनं गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी उपरण्याला हात पुसले. "संकल्प नसला तरी पोटानं धरलाच की उपास. गणपतीच्या दरबारी मांडला गेला. पहिली झाली!"

"राहिल्या वीस," यमुनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तनुजापुढं दुसरा मोदक केला. "तारखा मात्र मी सांगत जाईन."