सीलबंद सायकल

क्रीडा विभागाच्या भांडारात शर्यतीच्या बारा सायकली होत्या आणि अकरा वर्षांत त्यांतल्या एकीवरही ओरखडा पडलेला नव्हता. 'सुस्थितीतील साधनसामग्री'चं पारितोषिक विभागाने सलग अकरा वेळा पटकावलं होतं. या काळात विभागाच्या एकाही खेळाडूने शर्यत जिंकली नव्हती. पण अहवालात त्यासाठी रकानाच नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

भिंगरीला त्यातली एक सायकल हवी होती. भिंगरी हे तिचं लाडाचं नाव. वय एकवीस, रोज ऐंशी किलोमीटर सराव, घरी शिवणकाम करणारी आई. तिच्या जुन्या सायकलच्या पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला तडा गेला, तेव्हा मेकॅनिकने तो अंगठ्याने चाचपून सांगितलं, "चढ खुशाल चढ. उतार उतरणार असशील तर मात्र आईला सांगून जा."

दीड महिन्यावर निवड शर्यत होती. राष्ट्रीय संघात एकच जागा होती. भिंगरीने अर्ज केला आणि चक्क आठवड्यात मंजुरी आली.

भांडारपालांनी सात नंबरची सायकल तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांवर बाहेर आणली. कार्बनचा सांगाडा, एका बोटावर उचलावी इतकी हलकी. मागचं चाक आणि चेन सुतळीने एकत्र बांधून गाठीवर लाखेचं सील ठोकलेलं होतं.

"काका, हे सील कधी काढायचं?"

"काढायचं नाही."

"मग चालवू कशी?"

त्यांनी चष्मा लावून आदेश वाचला. "सायकल तुमच्या ताब्यात दिली आहे. चालवण्यास, असा शब्द कुठे नाही. परत घेताना टायरची जाडी मोजण्यात येईल. अनुज्ञेय झीज, शून्य मिलिमीटर."

"अहो, पण चालवली की टायर झिजणारच ना!"

"तेच तर म्हणतोय मी," भांडारपाल म्हणाले. कुणाला तरी पटलं याचा त्यांना आनंद झाला.

माणूस वाईट नव्हता. त्यांच्या आधीच्या भांडारपालाच्या काळात एका ब्रेकचं रबर झिजलं होतं. त्याचा खुलासा ते आधीचे भांडारपाल नऊ वर्षं देत होते. ते निवृत्त झाले, खुलासा अजून नोकरीत होता.

भिंगरी उपसंचालकांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सील तोडण्याची तरतूद आहे," ते म्हणाले. "उल्लेखनीय कामगिरी करणाऱ्या खेळाडूला आम्ही तशी सवलत देतो. तुम्ही आधी कामगिरी करून दाखवा."

"कशावर करू, सर?"

"हे बघा, साधनांवर अवलंबून राहणारा खेळाडू कधी मोठा होत नाही."

विभागाच्या प्रशिक्षकांनी मात्र हार मानली नाही. त्यांनी सील न तोडता करण्याचा सराव आखून दिला. सकाळी अर्धा तास सायकलकडे एकटक पाहणे. मग डोळे मिटून चढाची कल्पना करणे. दम लागल्यास थांबणे.

घरी खोली एकच होती. सायकलला ऊन लागू नये, ओल लागू नये, भिंत लागू नये अशी अट असल्यामुळे ती खाटेवर गेली आणि मायलेकी जमिनीवर आल्या. रोज सकाळी दोन निरीक्षक सील तपासायला येत. एक सील बघे, दुसरा पहिल्याने बघितलं की नाही ते बघे.

"एवढी देखभाल माझी झाली असती," आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "तर माझे गुडघे आज बोलले नसते."

शर्यतीच्या आदल्या दिवशी सुधारित आदेश आला. विभागाची सायकल मिळालेल्या बाराही खेळाडूंना आपापली सायकल स्पर्धेच्या मार्गावरून 'वाहून नेण्यास' परवानगी देण्यात आली होती. नियमपुस्तकातही एवढंच होतं की, स्पर्धकाने सायकलसह अंतिम रेषा पार करावी. कोण कुणावर असावं, याबद्दल नियम मौन बाळगून होते.

शिट्टी वाजली आणि बारा मुली बारा सायकली खांद्यावर घेऊन पळत सुटल्या.

मागून निरीक्षकांची जीप. चाळीस किलोमीटरची शर्यत, पहिले बावीस चढाचे. सगळ्यांत पुढे होती गोदामात पोती वाहणारी एक मुलगी. तिला सायकल येतच नव्हती. पण नियमपुस्तक नीट वाचून अर्ज करणारी ती एकटीच होती.

माथ्यावर पोचेपर्यंत भिंगरीच्या खांद्याचं सालटं निघालं होतं. समोर अठरा किलोमीटरचा उतार पसरला होता. मोकळा, गुळगुळीत. तिने सायकल खाली ठेवली. जीप मागच्या वळणावर होती. क्षणभर तिला राष्ट्रीय संघाची जागा दिसली, आईचे गुडघे दिसले. मग तिने सुतळी दातात धरली आणि लाख कडकन तुटली.

अकरा वर्षं मुकी उभी असलेली सायकल बोलायला लागली. कानांत वारा शिरला. वळणावर सायकल आपोआप झुकली, सरळ झाली, आणि भिंगरी एकटीच मोठ्याने हसली.

ती पोचली तेव्हा अंतिम रेषेची फीत बांधायची होती. वेळ नोंदवणारे जेवायला गेले होते. भांडारपाल तेवढे जाडी मोजायचं यंत्र घेऊन उभे होते. त्यांनी तुटलेलं सील पाहिलं.

"पोरी, चालवलीस?"

"हो काका."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "कशी चालते गं?"

"काका, उडते!"

अकरा वर्षं त्यांनी त्या सायकली रोज पुसल्या होत्या. ते काही वेळ टायरवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी जाडी मोजली आणि वहीत लिहिलं: झीज, शून्य पूर्णांक एक.

भिंगरी बाद झाली. आरोपपत्रात एकच वाक्य होतं: 'सदर खेळाडूने सायकलचा सायकल म्हणून वापर केला.' दोन वर्षांची बंदी. पोती वाहणारी मुलगी तिच्यानंतर तीन तासांनी पोचली आणि राष्ट्रीय संघात गेली. परदेशातल्या स्पर्धेत इतर देशांच्या मुली चक्क सायकलवर बसल्या. त्याबद्दल विभागाने रीतसर निषेध नोंदवला.

बंदीनंतरच्या रविवारी शेजारच्या काकू समाचाराला आल्या. "पोरीचं चुकलंच हो," त्या आईला म्हणाल्या. "इतकी नवीकोरी वस्तू. वापरून टाकली!"

आईने कान तुटलेल्या कपात चहा ओतायला घेतला. भिंगरी उठली. काचेच्या कपाटात बावीस वर्षं पाहुण्यांची वाट बघणारा सोनेरी काठाचा संच तिने खाली काढला आणि आईच्या हातातली किटली घेऊन त्यातल्या कपात चहा ओतला.

आईच्या हातातला तुटका कप थबकला. काकू दचकून मागे सरकल्या. "अगं, वेडी का काय तू! मला हा तुटका चालतो!"

वाचकहो, तुम्हाला विभागाचं हसू आलं असेल. हरकत नाही, हसा. फक्त तुमच्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक अजून शाबूत असेल, तर विभागाला कळवा. भांडारपालाची जागा रिकामी झाली आहे.