सिरियसची तार

इंग्रजी आपल्याला कळतं, असं विमलचे आबा छातीवर हात मारून सांगत. बावीस वर्षं त्यांनी कर्जतच्या आसपास घरोघर तारा पोचवल्या होत्या. शब्द एकच येई, पण पक्का. सिरियस! पुस्तकात त्याचा अर्थ आजारी असेल, तारेत नव्हे. तारेत सिरियस म्हणजे माणूस गेला. वाटेत कोणी कोसळू नये म्हणून 'गेला' असं कोणी लिहीतच नाही.

श्रावणात आबांनाच हिवताप भरला. विमलचा भाऊ हिरामण सरळ माणूस. त्याने तिला खालापूरला तार ठोकली : आबा सिरियस.

मग काय! विमल, सासू, दीर, चुलतसासरे मिळून अकरा माणसं खोपोलीच्या गाडीत बसली. दिराने वाटेत मडकंही विकत घेतलं. कर्जतच्या फाटकापासून विमलने असा टाहो फोडला की आळीतली कुत्री उठून बाजूला झाली. दारात पोचतात तो आबा ओट्यावर घोंगडी पांघरून पेज पीत बसलेले.

"कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं.

दिराने मडकं पाठीमागे लपवलं. सासूला एकदम थांबणं बरं दिसेना, म्हणून तिने आणखी थोडं रडून घेतलं.

निघताना आबा लेकीला हळूच म्हणाले, "हिरामणाचा सिरियस म्हंजी निस्ता आजारी. पुढच्या टायमाला आधी जेव, मंग नीघ."

मार्गशीर्षात पुन्हा तार आली. शब्द तेच. सासू लगबगीने उठली, तर विमलनेच तिला हसून खाली बसवलं. आबांच्या आवडीचं सुकटीचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, स्वतः पोटभर जेवली. तोवर सकाळची गाडी गेली. ती दुपारच्या गाडीने निघाली.

ओट्यावर घोंगडीची घडी होती. माणसं नदीवरून ओल्या अंगाने परतत होती. हिरामणच्या डोक्यावर केस नव्हते.

"दुपारपर्यंत थांबलो गं," तो म्हणाला. "मागं तुमी गेल्यावर आबांनी मला लय झापलं होतं. पुन्हा जित्या माणसाची सिरियस तार करशील तर बघ, म्हणाले."

फडक्यातल्या भाकऱ्या अजून कोमट होत्या. आईने विमलला जवळ बसवलं, पाणी दिलं आणि सवयीने विचारलं, "जेवलीस का गं?"

विमल जेवली होती.